फुली मारलेले प्रश्न

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी वीस मिनिटं मी एकटीच बोलत होते आणि तू मधून मधून "बरं, बरं" म्हणत होतास. कानात यंत्र घालायचं नाही असं तू ठरवलंच असशील, तर पत्राला पर्याय नाही. तसंही तूच म्हणतोस, लिहून विचारलं की माणूस जरा विचार करून विचारतो.

काम आहे. तू सगळ्यांना "भाची कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगतोस, म्हणून आज नीट सांगते. आमची कंपनी फुटबॉलचा गेम बनवते, पण त्यात बॉलला लाथ मारायची नसते. खेळणारा संघाचा मॅनेजर होतो. खेळाडू निवडायचे, सराव ठरवायचा, कुणाचे रुसवेफुगवे काढायचे, आणि मॅच चालू झाली की रेषेबाहेर उभं राहून नखं खायची. प्रत्येक मॅचच्या आधी आणि नंतर पत्रकार परिषद असते. स्क्रीनवर पत्रकार येतात, प्रश्न विचारतात, खाली चार उत्तरं दिसतात, त्यातलं एक निवडायचं. त्या उत्तरावर खेळाडू खूश होतात किंवा फुगून बसतात.

हा पत्रकार परिषदेचा भाग गेल्या वर्षी माझ्याकडे आला. माझ्या हाताखाली तिघं आहेत. सहा वर्षं दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्यावर पहिल्यांदा माझं म्हणावं असं काही मिळालं, आणि मिळाला तो गेममधला सगळ्यात नावडता भाग. जिंकलात, कसं वाटतंय? हरलात, कसं वाटतंय? तिथे एक बटन आहे, "सहायकाला पाठवा". ते दाबलं की परिषद टळते. शंभरातले एक्क्याण्णव जण ते दाबतात.

आमच्या प्रमुखांना आम्ही त्यांच्यामागे कात्रीसाहेब म्हणतो, कारण चालत नाही ते कापायचं हा त्यांचा बाणा आहे. त्यांनी सांगितलंय, तीस एप्रिलला माझ्यासमोर खेळून दाखवा. माणूस थांबला तर भाग राहील, नाहीतर जाईल. गेला की आम्ही चौघं परत निस्तरायच्या कामावर.

तू चौतीस वर्षं पेपरसाठी त्या खोल्यांत बसलास. खरे पत्रकार काय विचारतात रे? आमचे आठ प्रश्न सोबत जोडलेत, हसू नकोस. खरं तर बाबांनाही विचारणार होते. गोलकीपर होते तेव्हा त्यांनी उत्तरं दिलीच असतील. पण फुटबॉलचं नाव काढलं की ते दुकानात दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी चष्मा पुसायला घेतात. फायनलमध्ये गुडघा गेला तेव्हापासून तो विषय त्यांनी दुकानाच्या शटरसारखा खाली ओढून घेतलाय.

वाट बघते.

तुझी भाची

११ फेब्रुवारी

चि. चौकशीबाई,

आशीर्वाद ठेवून घे आणि तुझे आठ प्रश्न परत घे. लाल पेनानं खुणा केल्यात. चौतीस वर्षांत मी कुणालाही "कसं वाटतंय" विचारलेलं नाही. माझ्याबद्दल उद्या कुणी चार ओळी लिहिल्या, तर त्यातली एक ही असली पाहिजे. पाच गोल खाल्लेल्या माणसाला कसं वाटतं ते गेटवर तिकिटं फाडणाऱ्यालाही दिसतं. त्यासाठी पत्रकार कशाला हवा?

तुझ्या प्रश्नांचा दोष सांगतो. ते मॅच न बघता विचारलेत. मी दीड तास मैदानावर बघायचो ते गोल मोजायला नव्हे, गोल फलकावर लिहिलेले असतात. बदललेला खेळाडू बाहेर येताना कोचनं त्याचा हात हातात घेतला का, ते बघायचो. नाही घेतला, की माझा प्रश्न तयार. शिवाय पत्रकाराला आठवण असते. तुझे पत्रकार दर आठवड्याला नव्यानं जन्माला येतात असं दिसतंय. मॅनेजर हंगामाच्या सुरुवातीला म्हणाला असेल की अमुक स्ट्रायकर माझा उजवा हात आहे, आणि चार महिन्यांनी त्यालाच विकायला काढलं, तर खरा पत्रकार ते वाक्य तारखेसकट त्याच्या पुढ्यात ठेवतो. आणि दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरातून निघाला पाहिजे. दोन्ही प्रश्न घरून लिहून आणणारे आमच्यातही होते. त्यांना आम्ही पोस्टमन म्हणायचो. आणलं, टाकलं, निघाले.

हरलेल्या माणसाला आधी पाणी पिऊ द्यायचं, हेही लिहून ठेव. माणुसकी म्हणून तर आहेच, पण पाणी पिताना तो कुणाकडे बघतो ते कळतं.

त्यासाठी माझी एक पद्धत होती. वहीच्या उजव्या पानावर प्रश्न आणि उत्तर. डाव्या पानावर, उत्तर देण्याआधी त्यानं काय केलं ते. पाणी प्यायला, घड्याळ बघितलं, कॉलर सारखी केली, सहायकाकडे बघितलं. उत्तरं सगळ्यांनाच मिळायची आणि सगळे तीच छापायचे. माझी बातमी डाव्या पानावरून यायची. संपादक म्हणायचे, याच्या बातमीत माणूस दिसतो. आता कान गेले तसं उजवं पान बंद झालं, डावं मात्र जोरात चालू आहे. परवा डॉक्टरांनी "काळजीचं कारण नाही" म्हणण्याआधी पेनाचं टोपण दोनदा काढून लावलं. मी नोंद ठेवलीय.

वह्या एकोणीस आहेत. अठरा पाठवतोय, सातवी भिजून खराब झालीय. पार्सल तुझी आई बांधून देणार आहे. माझ्या गाठी पोस्टापर्यंतसुद्धा टिकत नाहीत असं माझ्या बहिणीचं मत आहे.

खोट्या मॅनेजरला खोट्या पत्रकारानं छळायचं आणि त्यासाठी लोकांनी सुटीचा दिवस घालवायचा, हे मला काही झेपत नाही. पण प्रश्न विचारायचं काम तुझ्याकडे आलं ते योग्य ठिकाणी आलं. चार वर्षांची असताना तू मला विचारलं होतंस, मॅच संपल्यावर रेफ्री कुणाच्या बाजूला जाऊन बसतो? त्या दिवशी मी तुझं नाव चौकशीबाई ठेवलं. उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मामा

८ मार्च

प्रिय मामा,

वह्या पोचल्या. एकोणीस. तू अठरा म्हणाला होतास. आणि सातवी भिजलेली वगैरे काही नाही, सगळ्यांत कोरडी तीच आहे.

दोन आठवडे आम्ही चौघांनी दुसरं कामच केलं नाही. दुपारच्या जेवणाला एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तुझ्या अक्षराला आम्ही शिव्या घातल्या, पण जेवण गार होईपर्यंत कुणी उठलं नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक खुर्च्या सरकवून यायला लागले. मी सगळ्यांना सांगितलं, माझा मामा आहे. चार-पाच वेळा सांगितलं असेन.

आता आमच्या पत्रकारांना आठवण आहे. मॅनेजर सहा महिन्यांपूर्वी काय बोलला ते त्याच्या तोंडावर फेकतात. "डावं पान" हा तर ऑफिसात शब्दच झालाय. ते कसं केलं सांगू? उत्तर निवडण्याआधी खेळणाऱ्यानं किती वेळ घेतला, त्याच्या माउसचा बाण आधी कुठल्या उत्तरावर जाऊन थांबला होता आणि मग कुठल्या उत्तरावर सरकला, हे आमचा पत्रकार टिपतो. दुसऱ्या दिवशी गेममधल्या पेपरात छापून येतं: "संघात सगळं आलबेल आहे, असं मॅनेजर म्हणाले. पण म्हणण्याआधी बराच वेळ गप्प होते." गेम खेळून तपासणारा एक टेस्टर हे वाचून खुर्चीतून उठला आणि खोलीत कॅमेरा आहे का ते शोधायला लागला.

पण आकडा ऐक. एक्क्याण्णववरून चौऱ्याहत्तर. अजूनही शंभरातले चौऱ्याहत्तर जण सहायकाला पाठवतात. एकीनं शेरा लिहिला, "पत्रकार हुशार आहेत, पण फार सज्जन आहेत." मी चक्रावले. प्रश्न सगळे तुझे आहेत. ज्यांच्यापुढे तू फुली मारलीस ते दोनशे बारा तेवढे वगळले, तूच निकामी ठरवलेले प्रश्न कशाला घ्यायचे म्हणून.

त्यातला एक मात्र डोक्यातून जात नाही. सातव्या वहीत, फायनलच्या आदल्या दिवसाच्या पानावर एकच प्रश्न तीनदा लिहिलाय आणि तीनदा फुली मारलीय: "गोलकीपरचा गुडघा कसा आहे?" हा गोलकीपर म्हणजे बाबाच ना? बाबांचा गुडघा तर फायनल चालू असताना गेला, मी लहानपणापासून तेच ऐकतेय. मग तू आदल्या दिवशी त्याबद्दल का लिहिलंस?

चौकशी

१३ मार्च

चि. चौकशीबाई,

चौऱ्याहत्तर हा काही वाईट आकडा नाही. सातवी वही तुझ्या आईनं चुकून घातली असेल, परत पाठव. फुल्यांचं विशेष काही नाही, तेव्हाची सवय. तुझ्या बाबांच्या दुकानात काचा घासायचं नवं यंत्र आलंय. इथे सगळं ठीक.

मामा

२२ मार्च

प्रिय मामा,

एवढं छोटं पत्र तू मला बालवाडीतसुद्धा लिहिलं नव्हतंस. दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरातून निघाला पाहिजे, असं कुणीतरी मला शिकवलंय, म्हणून विचारते.

"इथे सगळं ठीक." हे वाक्य कुणी उच्चारलं की तू पेनाचं टोपण काढायचास, असं पाचव्या वहीच्या पुठ्ठ्यावर तूच लिहिलंयस. आता डावं पान. तुझं पाकीट एकदा चिकटवून, उघडून पुन्हा चिकटवलेलं आहे, डिंकाचे दोन थर स्पष्ट दिसतात. तिकिटं दोन कागदांच्या वजनाची आहेत आणि आत कागद एकच. म्हणजे आत आणखी एक पत्र होतं आणि ते तू काढून घेतलंस.

आईला फोनवर विचारलं, सातवी वही चुकून आली का? ती म्हणाली, "मी आयुष्यात काही चुकून बांधलेलं नाही." आणि फोन ठेवला. तुम्ही दोघं भाऊबहीण एकाच मुशीतले आहात.

कात्रीसाहेबांनी तारीख अलीकडे ओढलीय. आता सतरा एप्रिल. चौऱ्याहत्तरवर ते कापणारच. वह्यांत काहीतरी आहे जे मला दिसत नाहीये, आणि ते त्या फुल्यांपाशी आहे असं मला सारखं वाटतंय. पण गेम बाजूला ठेव. गेम नसता तरी मी विचारलंच असतं. ते दुसरं पत्र पाठव.

तुझी चौकशी

३ एप्रिल

चि. चौकशीबाई,

पाकिटाचं बरोबर ओळखलंस. पकडला गेलो म्हणून ओशाळायला हवं होतं, त्याऐवजी दिवसभर मिरवत होतो. तुझ्या आईला डिंकाच्या दोन थरांची गोष्ट दोनदा सांगितली. ते पहिलं पत्र मी फाडून टाकलं, म्हणून हे नव्यानं लिहितोय.

फुली म्हणजे निकामी प्रश्न नव्हे. फुली म्हणजे मनात आला, वहीत लिहिला, आणि विचारला नाही तो प्रश्न. कधी कोचची भीती, कधी संपादकांची, कधी समोरच्याची कीव आली म्हणून. दोनशे बारा झाले हे मला तुझ्याकडून कळलं. मी कधी मोजले नव्हते.

आता सातवी वही. तेव्हा तुझ्या आईचं आणि तुझ्या बाबांचं लग्न ठरलेलं होतं. फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्यापुढे चहा ठेवताना ती म्हणाली, "त्याचा गुडघा सुजलाय. जिना उतरताना कठडा धरतो. तुला भाऊ म्हणून सांगतेय, पेपरवाला म्हणून नाही."

दुपारी प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत परिषद होती. ओल्या मोज्यांचा वास, एक लांब बाक, त्यावर कोच आणि चार खेळाडू. तिघं हाफ पँटवर आणि तुझे बाबा एकटे फुल पँट घालून. मी ते डाव्या पानावर लिहिलं. उजव्या पानावर तो प्रश्न लिहिला, तीनदा. जाहीर विचारला असता तर क्लबला डॉक्टर बोलवून गुडघा तपासावाच लागला असता, आणि तपासला असता तर तुझे बाबा खेळले नसते. कोचनी माझ्याकडे बोट केलं. मी उठून विचारलं, "मैदान ओलं आहे, बुटांचे खिळे बदलणार का?" कोच म्हणाले, बदलणार. तसं छापून आलं.

एकसष्टाव्या मिनिटाला तुझ्या बाबांनी जो बॉल अडवला तसा अडवलेला बॉल मी पुन्हा पाहिला नाही. खाली येताना पाय दुमडला. तो आवाज मला वर ऐकू आला, तेव्हा माझे कान शाबूत होते. आपण एक-शून्यनं जिंकलो. जिंकल्यावर कुणी काही विचारत नाही, म्हणून हेही कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा मीच दिला, "वाघासारखा गोलकीपर". तो वाघ त्यानंतर कधी मैदानावर उतरला नाही. चष्म्याच्या दुकानात पाय सरळ खोक्यावर ठेवून एकतीस वर्षं बसलाय.

विचारलं असतं तर बहिणीचा विश्वास मोडला असता. नाही विचारलं तर काय मोडलं ते तू रोज बघत मोठी झालीस. आजही तुझे बाबा जिना उतरताना कठडा धरतात, आणि मी खाली उभा असलो की दुसरीकडे बघतो. चौतीस वर्षं लोकांकडे बघायची नोकरी केली आणि एवढं एकच बघवत नाही.

फुलीवाले सगळे घाल. विचारलेले प्रश्न मला चांगले जमायचे, त्याची घमेंड मला आहे आणि राहील. पण बाकावर बसलेल्या माणसाला ज्या प्रश्नाची खरी धास्ती असते तो फुलीतच सापडेल. म्हणून तर तो विचारला गेला नाही.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

मामा

२० एप्रिल

प्रिय मामा,

"माझा राग आला का?" हे तू विचारलं नाहीस. लिहून फुली मारली असशील. तर उत्तर देऊन टाकते: आला, दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी सातवी वही परत उघडली. तीन फुल्यांतली तिसरी इतकी दाबून मारलीस की मागच्या दोन पानांवर तिचा वळ उठलाय. त्यावरून बोट फिरवलं आणि राग गेला. तुझ्या जागी मी असते तर मीही खिळ्यांबद्दलच विचारलं असतं.

मग कामाला लागलो. दोनशे बाराच्या दोनशे बारा फुल्या घातल्या. आता पत्रकाराला कधी कधी असं काही माहीत असतं जे त्याला माहीत असू नये, असं मॅनेजरला वाटतं. तो ते नको त्या दिवशी विचारतो. आणि बटन आम्ही काढलं नाही, तिथेच ठेवलं. फक्त सहायकाला पाठवलं तर पत्रकार तोच प्रश्न सहायकाला विचारतो, आणि सहायक मॅनेजरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो.

सतराला कात्रीसाहेब स्वतः खेळायला बसले. आम्ही चौघं मागे उभे. त्यांचा संघ फायनलला पोचला होता. दुसऱ्या रांगेत आमचा एक नवा पत्रकार आहे, कानामागे हात धरून ऐकणारा. तो उठला आणि म्हणाला, "गोलकीपरचा गुडघा कसा आहे?"

गुडघा दुखत होता. तीन आठवड्यांपूर्वी सरावाच्या तक्त्यात ते दिसलं होतं आणि साहेबांनी डोळेझाक केली होती. त्यांचा बाण सरळ बटनाकडे गेला. तिथे थांबला. मग "ठणठणीत आहे" या उत्तरावर आला, तिथेही थांबला. माझ्या शेजारची चित्रं काढणारी मुलगी माझं मनगट इतकं घट्ट धरून होती की नखांच्या खुणा दुसऱ्या दिवसापर्यंत होत्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी मनातल्या मनात ते डाव्या पानावर लिहिलं. मग त्यांनी "दुखतोय, उद्या खेळणार नाही" निवडलं, संघाच्या यादीतून गोलकीपर काढला, आणि फायनल दोन-शून्यनं हरले.

आम्हाला वाटलं, संपलं. ते उठले आणि म्हणाले, "जिंकल्यावर कागदाचे तुकडे उडतात ते कापा. कुणी बघत नाही. हे राहू दे." दारापर्यंत गेले, परत आले आणि मला विचारलं, "तो गोलकीपर बरा होतो का पुढच्या हंगामात?" मी म्हटलं, होतो साहेब. "बरं झालं," म्हणाले आणि गेले.

नव्या चाचणीत शंभरातले सव्वीस जण बटन दाबतात. हा भाग आता कायम माझ्याकडे आहे, आणि हाताखाली तिघांचे पाच होणार. गेम संपल्यावर बनवणाऱ्यांची नावं वर सरकतात, त्यात प्रश्नांच्या खाली पहिलं नाव तुझं आहे, माझं दुसरं. कंपनीत कुणी हरकत घेतली नाही.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही, शब्द पाळलाय. पण गेमची एक प्रत घरी पाठवलीय. पाकिटावर आईचं नाव आहे. ती काय चुकून उघडेल आणि काय मुद्दाम, ते तिच्यावर.

तुझी, आता अधिकृत, चौकशी

११ मे

चि. चौकशीबाई,

आधी बातमी, मग बाकीचं. तीच शिस्त आहे.

रविवारी सकाळी तुझ्या आईनं मला दुकानात बोलावलं. शटर अर्धं वर होतं. काउंटरवर चष्म्यांचे ट्रे बाजूला सारून लॅपटॉप उघडलेला, आणि समोर तुझे बाबा, पाय खोक्यावर. लेकीचं काम आहे, बघायला नको का, असं म्हणून तिनं त्यांना बसवलं होतं. ते गेले चार दिवस खेळतायत हे मला तेव्हा कळलं. हंगाम त्यांनी एकट्यानं खेचत आणला होता. संघाचा रंग आपल्या जुन्या क्लबचा, आणि गोलकीपरला त्यांनी स्वतःचं नाव दिलेलं. तुझ्या आईनं मला नेमकं गेममधल्या फायनलच्या आदल्या दिवशी बोलावलं होतं. चुकून बोलावलं असेल असं मी म्हणत नाही.

पत्रकार परिषद सुरू झाली. तो कानामागे हात धरणारा उठला. हुबेहूब आहे गं, नाकाबद्दल मात्र मी त्या चित्रं काढणाऱ्या मुलीशी एकदा बोलणार आहे. खाली प्रश्नाची अक्षरं उमटली.

तुझ्या बाबांनी उत्तराआधी काय केलं ते सांगतो. माउस सोडला आणि उजव्या हातानं गुडघा चोळला. मग चोळता चोळता थांबले आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी मी दुसरीकडे बघितलं नाही.

"हा तूच ना?" ते म्हणाले. ओठांवरून कळलं.

मी मान हलवली. मग सगळं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. काउंटरवरचा नंबराचा कागद उलटा करून त्यावर लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवला. लिहिलं होतं, "मला माहीत आहे. लग्नानंतर आठच दिवसांत हिनं सांगितलं. तू विचारलं असतंस तरी मी ठणठणीतच म्हणालो असतो."

म्हणजे एकतीस वर्षं आम्ही तिघं एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होतो. तुझी आई ट्रेमधले चष्मे रांगेत लावत उभी होती, आधीच रांगेत असलेले.

मी म्हटलं, "म्हणाला असतात. पण म्हणण्याआधी असाच गुडघा चोळला असतात, आणि मी तेच छापलं असतं."

ते हसले. तुझे बाबा फुटबॉलवरून हसलेले मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाहिले. मग स्क्रीनकडे न बघता, माझ्याकडे तोंड करून, मला ऐकू यावं म्हणून पूर्ण आवाजात ते म्हणाले, "दुखतोय. उद्या खेळणार नाही."

शेजारचा शिंपी कात्री हातात घेऊन बाहेर आला, काय झालं म्हणून. तुझ्या आईनं त्याला सांगितलं, काही नाही, पत्रकार परिषद चालू आहे.

गोलकीपरला त्यांनी बाहेर बसवलं आणि तीन-शून्यनं हरले. बदली गोलकीपर गोल सोडून किती उशिरा पुढे आला यावर मला पाऊण तास भाषण ऐकवलं. मला त्यातलं निम्मं ऐकू आलं, पण मी "बरं, बरं" म्हटलं नाही. दर वाक्याला पुन्हा विचारलं. कानाच्या यंत्राची चौकशी मंगळवारी करून आलो, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

नावं वर सरकताना आम्ही तिघं उभे राहिलो होतो. उभं कशाला राहायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांनी कठडा नाही म्हणून माझा खांदा धरला. मी चौतीस वर्षं रोज स्वतःचं नाव छापलेलं बघितलं, बातमीच्या वर, ठळक. पण ह्या बारीक अक्षरांत माझ्या नावाखाली तुझं नाव आलं तेव्हा माझा ऊर भरून आला. हे शब्द मी बातमीत कधी वापरले नाहीत, आज वापरतोय. मला तुझा फार अभिमान वाटतो. तुझे बाबा तर संध्याकाळी दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाला नंबर तपासायच्या आधी पूर्ण गेम समजावून सांगत होते, असं तुझ्या आईकडून कळलं. गिऱ्हाइकाला नुसती चष्म्याची तुटलेली काडी बदलायची होती.

तेव्हा सातवी वही लगेच परत पाठव. उत्तर लिहायचं राहिलंय.

मामा